छतावर काही नाही

मी पगारी चोर आहे. नवीन माणूस भेटला की मी अशीच ओळख करून देते आणि त्याचा चेहरा बघत बसते. मग भावजी लगबगीने पुढे येतात आणि सांगतात, "वहिनी गंमत करतायत हो, त्या आमच्या सिग्नल विभागाच्या इंजिनिअर." गंमत कसली डोंबलाची? उडत्या ड्रोनला खोटं सांगून भलतीकडे न्यायचं, हेच माझं काम. आणि ती चोरी पकडणारं यंत्र घडवायचं, हे भावजींचं. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. दिवसभर आम्ही एका खोलीत एकमेकांवर कुरघोडी करतो आणि संध्याकाळी एकाच गाडीतून घरी जातो. ते खालच्या मजल्यावर राहतात, मी वरच्या.

आता चोरी कशी होते ते ऐका, अवघड नाही. आपण कुठे आहोत हे ड्रोनला उपग्रहांच्या सिग्नलवरून कळतं. ते सिग्नल इतक्या लांबून येतात की जमिनीवर पोचेपर्यंत त्यांचा आवाज कुजबुजीएवढाही उरत नाही. जवळ बसून कुणी त्याच भाषेत जरा मोठ्याने बोललं की ड्रोन त्याचंच ऐकतो. पण हुशार चोर लगेच खोटं बोलत नाही. आधी तो उपग्रहांसारखंच, अगदी खरं खरं बोलतो. ड्रोनचा विश्वास बसला की मग हळूहळू, पाऊल पाऊल, त्याला बाजूला ओढत नेतो. पहिल्या भागाला आम्ही म्हणतो बोट धरणं आणि दुसऱ्याला वळवणं. बोट धरून नेलेलं पोर रडत नाही, कारण त्याला वाटतं आपण घरीच चाललोय. ड्रोनचं तसंच होतं. स्क्रीनवर सगळं आलबेल दिसतं आणि ड्रोन असतो तिसरीकडेच.

आमच्या खोलीला चारी बाजूंनी तांब्याची जाळी ठोकलेली आहे. दार लावलं की मोबाईल बंद पडतात. माझं खोटं चुकून बाहेर गेलं तर खरी विमानं आणि जहाजं वाट चुकतील, म्हणून हा बंदोबस्त. खोटा सिग्नल सोडायचा सरकारी परवानाही माझ्या एकटीच्या नावावर आहे. रेडिओ केंद्राचा ट्रान्समीटर मी अर्धं आयुष्य सांभाळला, म्हणून मिळाला. ज्या नॉबने ड्रोनला वळवतात त्याला माझ्याशिवाय कुणी बोटसुद्धा लावायचं नाही. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

भावजींच्या यंत्राला मी 'राखण्या' म्हणते. त्याला काहीतरी लांबलचक नाव आहे, ते कागदावर असू दे. ड्रोनच्या पोटात बसेल एवढीशी ती पट्टी. सिग्नलमध्ये काही काळंबेरं दिसलं की स्क्रीन लाल करायची, एवढं तिचं काम. वर्षानुवर्षं मी नॉब फिरवायचा आणि भावजींनी माझी प्रत्येक चोरी राखण्याला दाखवून शिकवायची, असं चाललं होतं. शेवटी शेवटी तर मी नॉबला हात लावते न लावते तोच स्क्रीन लाल व्हायची. मी चिडायचे. भावजी लहान मुलासारखे खूश व्हायचे.

हे सगळं कशासाठी, तेही सांगते. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमचे हे गेले ते ऑपरेशननंतर. रक्तस्राव थांबेना आणि यांच्या गटाचं रक्त हॉस्पिटलात नव्हतं. रक्तपेढी टेकडीच्या पलीकडे. रस्त्याने मोठा वळसा पडतो, म्हणून तिथून ड्रोनने पेटी पाठवायची सोय तेव्हा नवीनच सुरू झाली होती. रक्तपेढीच्या आवारातच असलेल्या ड्रोनच्या कंट्रोल रूममध्ये त्या दिवशी टेबलावर कोण होतं? भावजी. आपल्या सख्ख्या भावासाठी त्यांनी स्वतः ड्रोन सोडला. थोड्या वेळाने त्यांच्या स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत आलं, 'पोहोचलं'. वॉर्डातली सिस्टर पेटी आणायला छताकडे धावली.

छतावर काही नव्हतं. सिस्टरने भावजींना फोन लावला. भावजी म्हणाले, "सिस्टर, नीट बघा. स्क्रीनवर पोहोचलंय. तिथेच आहे." तिने टाकीच्या मागे बघितलं, जिन्याच्या आडोशाला बघितलं. "छतावर काही नाही हो," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "असं कसं नाही? नीट बघा!" असं किती वेळ चाललं असेल देव जाणे. तेवढ्या वेळात रक्तपेढीतून गाडी निघून वळसा घालून आली असती. शेवटी ती निघाली, पण उशिरा. ती पोचेपर्यंत यांना रक्ताची गरज उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ड्रोन टेकडीच्या कुशीतल्या दगडखाणीत सापडला. पेटी न उघडलेली. खाणीतून चोरटा माल नेणाऱ्या ट्रकांचा माग लागू नये म्हणून कुणीतरी खोटा सिग्नल सोडला होता, त्यात आपला ड्रोन सापडला, असं चौकशीत म्हणाले. कोण ते आजवर कळलेलं नाही. ड्रोनची सोय त्याच दिवशी बंद झाली.

भावजींनी कंट्रोल रूम सोडली आणि या कामाला लागले. मला त्यांनीच बोलावलं. "वहिनी, मला एक चोर पाहिजे," म्हणाले. मी गेले. पण एक गोष्ट त्यांना माहीत नव्हती. त्यांना वाटत होतं, त्या वेळी मी यांच्या उशाशी होते. मी उशाशी नव्हते. सिस्टरच्या मागोमाग मीही जिना चढून छतावर गेले होते. टाकीच्या मागे मीही बघितलं होतं. वारा फार होता म्हणून सिस्टरने फोन स्पीकरवर ठेवला होता, आणि भावजींचं ते "नीट बघा" मी शब्द न् शब्द ऐकलं होतं.

मी ते त्यांना कधी सांगितलं नाही. आधीच खंगलेला माणूस, हे ऐकून उभा राहिला नसता. आणि राग होता, तोही होताच. खोटं कशाला बोलू? खोटं मी फक्त ड्रोनशी बोलते.

तर राखण्याच्या परीक्षेचा दिवस ठरला. पास झाला की बंद पडलेली सोय पुन्हा सुरू होणार, तेच ड्रोन त्याच छतावर रक्त घेऊन उतरणार, राखण्याच्या भरवशावर. भावजी महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. त्यांना जायच्या आधी एवढंच बघायचं होतं. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून गाडीत येऊन बसले, आणि केसांना तेल लावून चापून भांग पाडलेला. मी म्हटलं, "भावजी, मुलगी बघायला निघालात की काय?" हसले नाहीत. दोन्ही हातांनी कॉलर नीट करत राहिले.

हात म्हणजे, माझा तर प्लास्टरमध्येच होता. दोनच दिवस आधी मी बाथरूममध्ये घसरले आणि उजवं मनगट मोडून घेतलं. भावजी परीक्षा पुढे ढकलू या म्हणत होते. मी म्हटलं, "डावा हात काय शोभेला आहे? नॉबच तर फिरवायचाय." परवाना माझा, म्हणजे हात माझाच हवा, मग उजवा असो की डावा.

तपासनीस बाई वेळेवर आल्या. शांत बाई, कमी बोलणारी. खोलीच्या मधोमध पंखे काढलेला ड्रोन स्टँडवर ठेवलेला होता. एका कोपऱ्यातून संगणकाने केलेली खऱ्या उपग्रहांची नक्कल, दुसऱ्यातून माझा सिग्नल. ड्रोन जागचा हलत नाही, पण खरा उडत असता तर कुठे गेला असता याचा हिशेब संगणक करतो. मोठ्या स्क्रीनवर दिसतं, ड्रोनला आपण कुठे आहोत असं वाटतंय. माझ्या पुढ्यातल्या छोट्या पडद्यावर दिसतं, तो खरा कुठे गेलाय. मार्ग भावजींनी नेहमीचाच लावला होता, रक्तपेढी ते हॉस्पिटल. मी ड्रोनला कुठे नेते तेही ठरलेलं. दगडखाणीत. दर वेळी तिथेच.

आधी माझ्या जुन्या, टेप केलेल्या चोऱ्या लावल्या. राखण्याने एक सोडली नाही. लाल, लाल, लाल. बाईंनी मान डोलावली. "आता प्रत्यक्ष करून दाखवा."

मी डाव्या हाताने नॉब धरला. अवघडल्यासारखं झालं. बोट धरलं. मग वळवायला घेतलं, अगदी हळू, कारण डाव्या हातावर माझा भरवसा नव्हता. राखण्या आता ओरडेल, मग ओरडेल, म्हणत मी एक डोळा मोठ्या स्क्रीनवर ठेवला होता. स्क्रीन हिरवीच. मी आणखी वळवलं. हिरवीच. माझ्या पडद्यावरचा ठिपका रस्ता सोडून टेकडीला लागला, कुशीत शिरला, खाणीच्या तोंडाशी आला. मोठ्या स्क्रीनवर ड्रोन दिमाखात हॉस्पिटलकडे चालला होता.

"सुरुवात कधी करताय?" बाईंनी विचारलं.

आधी वाटलं, तार निघाली. पण तार निघाली असती तर ड्रोन खाणीकडे गेलाच नसता. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माझ्या उजव्या हाताला एक खोड आहे. काहीही सुरू करताना मी हिसका देते. दार उघडताना, डबा उघडताना. सासूबाई म्हणायच्या, हिच्या हातात बिजागऱ्या टिकायच्या नाहीत. नॉबलाही तो हिसका बसायचा, दर वेळी, नकळत. राखण्या तेवढंच शिकला होता. आम्हाला वाटत होतं तो चोर ओळखतोय. तो मला ओळखत होता. जगातला दुसरा कुठलाही चोर त्याच्या नाकासमोरून पेटी घेऊन गेला असता आणि त्याला पत्ता लागला नसता.

बाई पेन उघडून बसल्या होत्या. त्यांना काहीच कळलेलं नव्हतं. हिरवी स्क्रीन म्हणजे अजून चोरी सुरू झालेली नाही, असं त्या धरून चालल्या होत्या. मला फक्त म्हणायचं होतं, "हं, आता करते," आणि डाव्या हाताने एक मुद्दाम हिसका द्यायचा होता. स्क्रीन लाल झाली असती. भावजींनी जाळीकडे तोंड करून डोळे पुसले असते. मी त्यांच्याकडे बघितलं. चापून भांग पाडलेला म्हातारा होत चाललेला माणूस, टाचा उंचावून स्क्रीनकडे बघत होता. मला त्यांची इतकी दया आली की हात नॉबवर घट्ट आवळला गेला.

आणि मग मला ते छत दिसलं. पुढच्या महिन्यात तिथे दुसरी कुणी बाई उभी असेल, खाली तिचा नवरा असेल.

"मॅडम," मी म्हटलं, "सुरू होऊन संपत आलंय. ड्रोन दगडखाणीत उतरतोय."

"शक्यच नाही," भावजी म्हणाले. "राखण्या हिरवा आहे. वहिनी, तार सुटली असेल. नीट बघा."

"तार बघितली, भावजी."

"अहो, स्क्रीनवर लाल काही नाही ना! असं कसं होईल? नीट बघा!"

तेवढ्यात मोठ्या स्क्रीनवरचा ड्रोन हॉस्पिटलवर पोचला आणि हिरव्या अक्षरांत आलं, 'पोहोचलं'.

सिग्नल मला आवरता येतो, चेहरा येत नाही. ते 'नीट बघा' मी आधीही ऐकलंय, हे त्यावर लिहिलेलंच असणार. भावजींनी स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि बघतच राहिले.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?"

"छतावर."

"माझा आवाज..."

"सिस्टरने फोन स्पीकरवर ठेवला होता. वारा होता."

ते ड्रोनच्या रिकाम्या खोक्यावर मटकन बसले. खोकं चेपलं, तरी बसूनच राहिले. तपासनीस बाईंना त्यातलं काही माहीत नव्हतं, पण त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "थोडं थांबायचं का?"

"नको," भावजी म्हणाले. "नापास लिहा. ठळक लिहा."

परतताना गाडी भावजी चालवत होते. समोर बघतच ते म्हणाले, "इतकी वर्षं एका शब्दाने बोलला नाहीत."

"काय बोलायचं होतं? तुम्ही आधीच अर्धे झाला होतात."

"रागावला होतात?"

"होते. अजून आहे." मला वाटलं होतं हे बोलताना मी ओरडेन, पण आवाज चढलाच नाही. "तुम्ही यांना मारलंत असं मी कधी म्हटलं नाही, म्हणणारही नाही. पण एक जिवंत बाई तिथे उभी राहून सांगतेय, नाही म्हणून. आणि तुम्ही त्या हिरव्या अक्षरांचं ऐकलंत. तिचं नाही ऐकलंत, भावजी. मला त्याचा राग आहे."

त्यांनी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून ढसाढसा रडले. मी प्लास्टरचा हात त्यांच्या पाठीवर ठेवला. जड हात, थोपटताही येईना. मीही रडले. दादा, दादा, एवढंच ते म्हणत होते, आणि एवढ्या वर्षांत आम्ही दोघं यांच्यासाठी एकत्र रडलो ते तेव्हाच.

भावजी निवृत्त झाले नाहीत. मुदत वाढवून घेतली. तपासनीस बाईंनीच खटपट करून परवान्यात आणखी माणसं घालून दिली, आणि मग आमच्या खोलीत हातांची रांग लागली. घड्याळजी आले, शिंपीणबाई आल्या, एक तबलजी आले, त्यांनी तर राखण्याला पार रडवलं. ती सिस्टरही आली. आता ती मोठी सिस्टर झालीय. तिने नॉब असा काही अलगद फिरवला, की मी तोंडात बोट घातलं. "इंजेक्शन देऊन देऊन हात हलका झालाय," म्हणाली. या प्रत्येकाने राखण्याला फसवलं, आणि प्रत्येकाकडून तो शिकला. पुन्हा परीक्षा झाली, या वेळी बाईंनी आणलेल्या अनोळखी हातांनी. पास झाला.

पण भावजींनी आणखी एक गोष्ट केली, ती कुणी सांगितली नव्हती. स्क्रीनवरचा 'पोहोचलं' हा शब्द त्यांनी काढून टाकला. आता ड्रोन उतरला की तिथे येतं, 'छताला विचारा'. छतावरचा माणूस पेटीवर हात ठेवून हो म्हणेपर्यंत काम संपलं असं धरायचं नाही. आणि तो नाही म्हणाला, तर दुसरी पेटी गाडीने ताबडतोब निघाली पाहिजे. उलटा प्रश्न विचारायचा नाही. वरचे लोक कुरकुरले. राखण्या आहे ना आता, मग हे कशाला? भावजी ऐकेनात.

पहिलं खरं उड्डाण झालं त्या दिवशी टेबलावर भावजी होते. त्यांच्या शेजारी मी. एका बाईला बाळंतपणात रक्त हवं होतं. छतावर मोठी सिस्टर स्वतः गेली होती. ड्रोन गेला, उतरला. राखण्या हिरवा. स्क्रीनवर आलं, 'छताला विचारा'. भावजींनी फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. मी काही बोलले नव्हते, त्यांनी आपणहून ठेवला. पलीकडे वाऱ्याचा आवाज येत होता.

"छतावर काही नाही," सिस्टर म्हणाली.

समोरची झाडून सगळी यंत्रं सांगत होती की ड्रोन छतावर आहे. आणि एवढ्या हातांनी घडवलेला राखण्या हिरवा, म्हणजे या वेळी ती खरं सांगत होती, हे मला तिथे बसून समजत होतं, भावजींना तर माझ्याहून जास्त. त्यांचे ओठ हलले. टेबलाची कड त्यांनी इतकी घट्ट धरली होती की नखं पांढरी पडली.

"बरं, सिस्टर," ते म्हणाले. "नाही म्हणजे नाही. दुसरी पेटी निघाली." आणि हाताने खूण केली. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

थोड्या वेळाने फोनमध्ये धावपळ ऐकू आली. "अहो थांबा, थांबा! टाकीच्या मागे उतरलाय की! आहे, आहे, पेटी आहे! मीच मेली नीट बघितलं नाही!"

"असू दे, सिस्टर," भावजी म्हणाले. "पेटी घेऊन खाली पळा. गाडीही येऊ दे."

बाळंतीण वाचली. गाडीवाला परत आला तो वैतागूनच. "साहेब, उगाच हेलपाटा झाला. तिथे रक्त आधीच पोचलं होतं."

"होऊ दे," भावजी म्हणाले. "रोज झाला तरी होऊ दे."

मी उठून त्यांच्यासाठी पाणी आणलं. पेला त्यांच्या हातात देताना म्हटलं, "चला भावजी, घरी जाऊ." ते पाणी प्यायले, फोन जागेवर ठेवला आणि माझ्या मागोमाग निघाले.